हापूसच्या मेलसाठी विषयाची ओळ कशी लिहावी?

कलमबाग

नमस्कार. देवगड तालुक्यात आमची हापूसची कलमे आहेत. गेल्या काही हंगामांपासून आम्ही दलालाकडे माल न लावता पुणे, मुंबई, ठाणे, नाशिक आणि कोल्हापूर येथील घरगुती ग्राहकांना थेट पेट्या पाठवतो. मागणी मुख्यतः फोनवर आणि व्हॉट्सॲपवर येत असली, तरी ज्यांनी एकदा पेटी घेतली आणि मेल पाठवण्यास संमती दिली अशा ग्राहकांची यादी आता काही हजारांवर गेली आहे. मार्च ते मे या काळात त्या यादीला दर आठवड्याला एक मेल जातो. मेलमधला मजकूर मी स्वतः लिहिते. काढणी कधी आहे, फळ कोणत्या आकाराचे आहे, भाव काय आहे, पेटी कोणत्या वारी कुठे पोहोचेल, हे सर्व त्यात असते. तरीही ग्राहक फोन करून नेमक्या याच गोष्टी विचारतात, म्हणजे मेल उघडलाच जात नाही. विषयाची ओळ आजवर मेलची मांडणी करून देणाऱ्यांवर सोपवलेली होती. त्यांनी दिलेल्या ओळींपैकी तीन अशा:

«आंबाप्रेमींसाठी खुशखबर! देवगड हापूसच्या नव्या हंगामाचे बुकिंग सुरू, त्वरा करा!!!»

«अस्सल चवीचा राजा आता तुमच्या दारी»

«शेवटची संधी! फक्त आजच!»

या हंगामापासून ही ओळ मीच लिहिणार आहे. ती किती लांब असावी, मराठीत लिहावी की इंग्रजीत, आंब्याचे चित्रचिन्ह घालावे की नाही, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

टपालपेटी

माझे काम व्यावसायिक मेल पाठवण्याच्या यंत्रणांशी संबंधित असल्यामुळे आधी दिसण्याविषयी लिहितो. तुमची पहिली ओळ मोबाइलवर «आंबाप्रेमींसाठी खुशखबर! देवगड हापू…» इथपर्यंतच दिसेल. ग्राहकाला उपयोगी पडणारा एकमेव भाग, म्हणजे बुकिंग सुरू झाल्याची बातमी, तुटलेल्या भागात गेला आहे आणि जे दिसते आहे त्यात खुशखबर आहे एवढेच कळते. कुणी «किती अक्षरे» असे विचारले की सर्वसाधारणपणे चाळिसाच्या आतला आकडा सांगितला जातो. पण फोन अक्षरे मोजत नाही, रुंदीनुसार ओळ तोडतो. देवनागरीत मात्रा आणि उकार अक्षराच्या वर-खाली बसत असल्यामुळे यंत्राने मोजलेला आकडा आणि डोळ्यांना दिसणारी लांबी यांत बराच फरक पडतो. म्हणून आकड्यावर विसंबण्यापेक्षा ओळ स्वतःच्या फोनवर, तसेच घरातल्या एखाद्या लहान पडद्याच्या फोनवर पाठवून पाहावी आणि पहिल्या तीन-चार शब्दांत बातमी आली आहे का, एवढे तपासावे. माझ्या मते तुमची ओळ अशी हवी:

«हापूसची पहिली पेटी १८ मार्चला निघेल»

देवगड हा शब्द मी मुद्दाम वगळला आहे, कारण तो पाठवणाऱ्याच्या नावात यायला हवा. ग्राहकाची नजर आधी नावावर जाते. ते नाव दर वेळी तेच असावे आणि ग्राहकाने पेटीवर वाचलेल्या नावाशी जुळावे. एका आठवड्यात बागेचे नाव, दुसऱ्या आठवड्यात मुलाचे नाव आणि तिसऱ्या आठवड्यात «ऑफर्स» असे असेल, तर उत्तम ओळही वाया जाते.

दुसरी जागा बहुतेक विक्रेते मोकळी सोडतात. विषयाच्या पुढे किंवा खाली फिकट अक्षरांत मजकुराचा सुरुवातीचा भाग दिसतो, त्याला प्रीहेडर म्हणतात. तो वेगळा लिहून दिला नाही, तर तिथे «हा मेल नीट दिसत नसल्यास येथे क्लिक करा» यासारखे वाक्य येऊन बसते. भाव, आकार आणि शहर तिथे द्यावे, म्हणजे विषयाच्या ओळीवर सगळा भार पडणार नाही.

चित्रचिन्ह एखादे असले तरी हरकत नाही. पण ते ओळीच्या शेवटी असावे आणि कोणत्याही शब्दाची जागा घेणारे नसावे. तीन उद्गारचिन्हे मात्र काढाच. उत्तर आल्याचा भास व्हावा म्हणून ओळीच्या सुरुवातीला खोटे «री:» लावण्याचा सल्ला कुणी दिला, तर तो अजिबात ऐकू नका. २०२४ च्या फेब्रुवारीपासून गूगलने मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले असून, मेल स्पॅम असल्याची तक्रार करणाऱ्यांचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवावे लागते. शिवाय ते ०.१ टक्क्याच्या आत ठेवा, असा त्यांचाच सल्ला आहे. हजार मेलांमागे तीन तक्रारी म्हणजे तुमच्या यादीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसे झाली. ओळीने फसवले गेलेल्या ग्राहकाला तो स्पॅमचा खटका दाबायला क्षणभरही लागत नाही.

अक्षरजुळणी

टपालपेटी यांच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. मराठीतून ओळ लिहिणाऱ्यांना दोन अडचणी हमखास येतात. त्या इंग्रजीतल्या मार्गदर्शनात सापडत नाहीत, म्हणून त्यांविषयी विस्ताराने लिहिते.

पहिली अडचण अक्षरे फुटण्याची. मेलच्या शीर्षभागात, म्हणजे विषय, पाठवणारा आणि तारीख जिथे नोंदवतात त्या भागात, मुळात फक्त रोमन अक्षरे आणि काही चिन्हे यांचीच सोय होती. अन्य लिप्यांसाठी १९९६ मध्ये आरएफसी २०४७ हा (इंटरनेटच्या तांत्रिक मानकांपैकी एक) नियम आला. त्यानुसार विषय सांकेतिक रूपात बदलून तुकड्यातुकड्यांनी पाठवला जातो आणि एक तुकडा जास्तीत जास्त ७५ चिन्हांचा असतो. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह युटीएफ-८ मध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरे साठवण्याच्या प्रचलित पद्धतीत, ३ बाइट घेते, काना-मात्रासुद्धा स्वतंत्र चिन्ह म्हणूनच मोजली जाते, आणि सांकेतिक रूपात त्या ३ बाइटांची ४ चिन्हे होतात. तुकड्याच्या आधी आणि नंतर लागणारी आवरणाची चिन्हे वजा जाता एका तुकड्यात देवनागरीची जेमतेम १५ चिन्हे उरतात, म्हणजे «हापूसची पहिली पेटी» हे तीन शब्दसुद्धा एका तुकड्यात मावत नाहीत. तुकडा पाडताना एक चिन्ह मधोमध कापायचे नाही, असे नियम स्पष्ट सांगतो. चांगल्या यंत्रणा तो पाळतात; परंतु कुणीतरी जुन्या संकेतस्थळासाठी लिहून दिलेल्या आज्ञावल्या पुष्कळदा पाळत नाहीत आणि मग ग्राहकाला «पेटी»च्या जागी चौकटीतली प्रश्नचिन्हे दिसतात. तुमचा मेल कोणत्या यंत्रणेतून जातो ते एकदा विचारून घ्या आणि जोडाक्षरांनी भरलेली मोठी ओळ जीमेल, आउटलुक आणि आयफोन अशा तिन्ही ठिकाणी पाठवून पाहा.

याच जातीचा एक लहान दोष तुमच्या व्यवसायात लगेच दिसेल. «कैऱ्या» या शब्दातला अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो. एका प्रकारात नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला, «ऱ» वापरतात, तर दुसऱ्यात साध्या «र»नंतर हलन्त (पाय मोडण्याचे चिन्ह) आणि एक न दिसणारे जोडचिन्ह टाकतात. काही यंत्रणा मजकूर स्वच्छ करताना न दिसणारी चिन्हे काढून टाकतात आणि दुसऱ्या प्रकारे लिहिलेल्या कैऱ्यांची «कैर्या» होते. पहिलाच प्रकार वापरावा.

दुसरी अडचण व्याकरणाची. ग्राहकाचे नाव किंवा शहर यादीतून उचलून ओळीत आपोआप बसवण्याची सोय बहुतेक यंत्रणांमध्ये असते. «दिल्लीत» किंवा «मुंबईत» पाहून कुणी शहराच्या रकान्यापुढे «त» जोडून साचा तयार करतो आणि ठाण्याच्या ग्राहकाला «ठाणेत उद्या पेटी पोहोचेल» अशी ओळ जाते. मराठीत प्रत्यय लागण्यापूर्वी नामाचे सामान्यरूप होते. ते पुण्यात, ठाण्यात असे बदलते आणि कोल्हापूरच्या बाबतीत तर ऊकारही ऱ्हस्व होऊन «कोल्हापुरात» होते. हे यंत्राला कळत नाही. वाचणाऱ्याला मात्र तत्क्षणी कळते आणि ओळ माणसाने लिहिलेली नाही हेही कळते.

कलमबाग

दोघांचेही मनःपूर्वक आभार. शहर ओळीत यावे असे मला मनापासून वाटते, कारण पुण्याची गाडी आणि नाशिकची गाडी वेगवेगळ्या वारी सुटते. यावर उपाय काय? शिवाय यादीतली बरीच नावे ग्राहकांनी रोमन लिपीत भरलेली आहेत, ती मराठी ओळीत विचित्र दिसतात.

अक्षरजुळणी

तुमची शहरे मोजकीच आहेत, त्यामुळे यादीत आणखी एक रकाना करून त्यात «पुण्यात», «ठाण्यात», «नाशिकमध्ये», «कोल्हापुरात», «मुंबईत» अशी तयार रूपे एकदाच हाताने भरून ठेवावीत आणि ओळीत तोच रकाना जोडावा. हे अर्ध्या तासाचे काम आहे. ग्राहकाचे नाव ओळीतून काढून टाकावे असे माझे मत आहे. आपले नाव विषयात पाहून आता कुणी हरखत नाही. उलट बँका आणि विमाविक्रेते यांनी त्याचा इतका वापर केला आहे की नाव दिसताच ती जाहिरात असावी असे वाटते. शहराचे तसे नाही. ते ग्राहकाच्या कामाची माहिती देते.

एडिसनकर

मी न्यू जर्सीत राहतो आणि पुण्यात राहणाऱ्या आई-बाबांसाठी दर वर्षी दोन-तीन पेट्या मागवतो. माझ्यासारखे ग्राहक तुमच्याही यादीत असतील, म्हणून त्यांच्या बाजूने लिहितो. तुमचा मेल भारतातल्या सकाळी दहाला निघतो तेव्हा इथे मध्यरात्र असते आणि मी तो सकाळी कामावर जाताना, इतर अनेक मेलांच्या गर्दीत पाहतो. मला चवीचे वर्णन वाचायचे नसते, कारण ती चव मला ठाऊक आहे आणि तिच्यासाठीच मी पैसे देतो. मला हवे असते ते एवढेच, की पेटी पुण्यात कोणत्या वारी पोहोचेल आणि त्या दिवशी घरी कुणीतरी असायला हवे का. «पुण्यात पेट्या शनिवारी, मागणी बुधवारपर्यंत» अशी ओळ असेल, तर मी ती उघडण्याआधीच आईला फोन करेन.

कायद्याबद्दलही थोडे लिहितो. अमेरिकेत २००३ च्या कॅन-स्पॅम कायद्याने मेलमधल्या मजकुराविषयी दिशाभूल करणाऱ्या विषयाच्या ओळीला मनाई केली आहे. वॉशिंग्टन राज्याचा १९९८ चा स्वतःचा कायदा आहे. एप्रिल २०२५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ओल्ड नेव्ही या कपडेविक्रेत्या कंपनीविरुद्धच्या दाव्यात असा अर्थ लावला, की विषयाच्या ओळीतली कोणतीही खोटी किंवा दिशाभूल करणारी माहिती या कायद्यात बसते, मग ती केवळ सवलत कधी संपणार याबद्दलची का असेना. तक्रार नेमकी तुमच्या तिसऱ्या ओळीसारख्या ओळींची होती: सवलत आज संपते असे लिहायचे आणि ती पुढेही चालू ठेवायची. त्या वेळी त्या कायद्यात प्रत्येक मेलमागे ५०० डॉलर भरपाईची तरतूद होती. देवगडच्या बागायतदाराला कुणी तिथे कोर्टात खेचेल असे मला सुचवायचे नाही. मात्र ज्या ओळींची आपण सर्रास नक्कल करतो, त्यांची मूळ ठिकाणी काय पत आहे हे ठाऊक असलेले बरे.

गल्ल्यावरून

माझे सुक्या मेव्याचे दुकान आहे आणि सणासुदीला मीही मेल पाठवतो. वरील बहुतेक गोष्टी पटल्या. परंतु «शेवटची संधी» ही ओळ इतक्या सहज निकालात काढू नये, असे नम्रपणे नोंदवतो. ग्राहक चांगला असतो, त्याला माल हवाही असतो, पण तो उद्यावर ढकलतो. मुदत दिसली की तोच ग्राहक त्या दिवशी पैसे भरतो, हे मी गल्ल्यावर बसून पाहत आलो आहे. विक्रेत्याने मुदत सांगितलीच नाही, तर माल पडून राहतो, आणि आंबा तर सुक्या मेव्यासारखा थांबतही नाही.

टपालपेटी

गल्ल्यावरून, तुमचा मुद्दा योग्य आहे आणि मुदत सांगूच नये असे इथे कुणाचेच म्हणणे नाही. माझा आक्षेप रचलेल्या मुदतीवर आहे. आपल्याकडेही केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये फसव्या विक्रीपद्धतींबाबत मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. त्यांत ज्या १३ पद्धती सांगितल्या आहेत, त्यांत खोटी निकड दाखवणे हीसुद्धा आहे, आणि ही तत्त्वे विक्रेते व जाहिरातदार या दोघांनाही लागू होतात.

आंब्याच्या धंद्यात तर मुदत रचण्याची गरजच नाही, कारण ती झाडावरच ठरते. पहिल्या मोहोराचे फळ मार्चमध्ये थोडेच निघते, त्यामुळे त्या पेट्या खरोखरच मोजक्या असतात. एप्रिलच्या शेवटापासून मेच्या मध्यापर्यंत माल भरपूर असतो, भाव उतरतो आणि तेव्हा «मोजक्याच पेट्या» असे लिहिणे खोटे ठरते. त्याऐवजी «हापूसचा भाव उतरला, ५ डझनांची पेटी घेता येईल» ही बातमी आहे आणि ती घाईच्या कोणत्याही शब्दापेक्षा अधिक काम करते. मेअखेरीस पाऊस तोंडावर आला की काढणी थांबते, आणि त्या वेळी «पावसाआधीची शेवटची काढणी २४ मे» ही ओळ शब्दशः खरी असते. ज्या विक्रेत्याने एप्रिलमध्ये दोनदा «शेवटची संधी» लिहिली आहे, त्याच्या मेमधल्या या खऱ्या ओळीवर मात्र कुणी विश्वास ठेवणार नाही.

गल्ल्यावरून

मुदतीमागचे कारण त्याच ओळीत सांगायचे, ही गोष्ट मला मान्य आहे. «पावसाआधीची» हा शब्द तेच करतो.

मध्यगा

मी सांख्यिकी शिकवते. पुढच्या प्रतिसादांत कुणीतरी दोन ओळींची तुलना करून पाहण्याचा सल्ला देईलच, म्हणून आधीच थोडी सावधगिरी सुचवते.

समजा, तुम्ही ४०० ग्राहकांना एक ओळ आणि दुसऱ्या ४०० ग्राहकांना दुसरी ओळ पाठवली, आणि अनुक्रमे ८० व ८८ जणांनी मेल उघडला. २० टक्के आणि २२ टक्के हा फरक पाहून दुसरी ओळ जिंकली असे वाटेल. पण एवढा फरक एकच ओळ दोन गटांना पाठवली तरी निव्वळ योगायोगाने पडू शकतो. ४०० च्या गटांत साधारण ५ ते ६ टक्के-अंकांपेक्षा कमी फरकावरून काहीही ठरवू नये. २०१२ च्या निवडणुकीत बराक ओबामांच्या प्रचारयंत्रणेने निधीच्या आवाहनासाठी निरनिराळे मसुदे आणि विषयाच्या ओळी आधी थोड्या लोकांना पाठवून पाहिल्या होत्या. आपल्यापेक्षा विरोधकाचा खर्च जास्त होणार आहे, अशा आशयाची ओळ त्यात सरस ठरली आणि त्या मेलने सुमारे २६ लाख डॉलर जमवले, तर सर्वांत कमी प्रतिसाद मिळालेल्या ओळीने पूर्ण यादीकडून जेमतेम ४ लाख आणले असते असा त्यांचा हिशेब होता. हे उदाहरण सर्वत्र सांगितले जाते. पण त्यांची यादी लाखोंची होती, म्हणून त्या चाचणीला अर्थ होता, हे सांगायचे राहून जाते.

शिवाय «उघडला» हा आकडा आता पूर्वीसारखा भरवशाचा राहिलेला नाही. २०२१ च्या सप्टेंबरपासून ॲपलच्या मेलमध्ये गोपनीयतेची जी सोय आली, ती वापरणाऱ्याच्या वतीने मेलमधली चित्रे आधीच उतरवून घेते, त्यामुळे ग्राहकाने मेलकडे पाहिलेही नसले तरी तो उघडल्याची नोंद होते. आयफोन वापरणारे ग्राहक ज्या यादीत जास्त, तिचा आकडा तितका फुगलेला असतो. तुम्ही पेट्यांची मागणी मोजा. आणि आणखी एक आकडा तुमच्यापाशी आहे, जो मोठ्या कंपन्यांना मिळत नाही: मेलमध्ये असलेलीच माहिती विचारण्यासाठी किती फोन आले. ते फोन कमी झाले, तर ओळ नीट काम करते आहे असे खुशाल समजावे.

कलमबाग

ही चर्चा इतकी उपयुक्त होईल असे वाटले नव्हते. सर्वांच्या सूचना लक्षात घेऊन या हंगामासाठी पुढील ओळी लिहिल्या आहेत. तारखा प्रत्यक्ष काढणीप्रमाणे बदलतील.

«हापूसची पहिली पेटी १८ मार्चला निघेल»

«पुण्यात पेट्या शनिवारी, मागणी बुधवारपर्यंत»

«लोणच्यासाठी कैऱ्या, १० किलोची गोणी»

«हापूसचा भाव उतरला, ५ डझनांची पेटी घेता येईल»

«साका निघालेला आंबा बदलून देतो, फोटो पाठवा»

«पावसाआधीची शेवटची काढणी २४ मे»

पाचव्या ओळीबद्दल घरात मतभेद आहेत. हापूस बाहेरून निर्दोष दिसतो आणि कापल्यावर आत पांढरट, स्पंजासारखा साका निघतो. यात बागायतदाराचा दोष नसला तरी ग्राहकाचा विरस होतो. आमच्या मोठ्या दिरांचे म्हणणे असे, की विषयाच्या ओळीतच दोषाचे नाव घेतले तर न घेणाराही घाबरेल.

माटुंगेकर

मी विक्रेती नाही, दर वर्षी पेटी घेणारी गृहिणी आहे, आणि या एका प्रश्नावर मला तुमच्या दिरांशी असहमत व्हावेसे वाटते. ज्याने आयुष्यात चार पेट्या घेतल्या आहेत, त्याला साका ठाऊक असतो. हजारो रुपये मोजताना मनात तीच धास्ती असते आणि फोनवर विचारायला संकोच वाटतो. ती ओळ वाचून मी घाबरणार नाही, उलट तुमच्याचकडून पेटी घेईन. मात्र तो मेल सर्वांना पाठवण्याऐवजी ज्यांच्याकडे पेटी नुकतीच पोहोचली आहे त्यांना पाठवावा, आणि त्याआधी एक मेल असा हवा: «आंबे पिकेपर्यंत फ्रीजमध्ये ठेवू नका». गवतातून काढून थेट फ्रीजमध्ये ठेवलेली अख्खी पेटी मी शेजारी पाहिली आहे. ते आंबे नीट पिकलेच नाहीत आणि दोष बागेला दिला गेला.

कलमबाग

हे पटले, दिरांनाही वाचून दाखवले. आता शेवटची शंका. अवकाळी पावसाने काढणी लांबली, तर पैसे भरलेल्या ग्राहकांना कळवावे लागते. तशा मेलला आजवर «महत्त्वाची सूचना» अशी ओळ दिली जात होती.

टपालपेटी

«महत्त्वाची सूचना» वाचून काहीच कळत नाही आणि बँकेच्या नावाने येणारे फसवे मेलही हेच शब्द वापरतात. वाईट बातमी ओळीतच पूर्ण द्यावी: «पावसामुळे तुमची पेटी ८ दिवस उशिरा निघेल». पैसे परत हवे असल्यास काय करायचे ते प्रीहेडरमध्ये लिहावे, म्हणजे मेल न उघडताही ग्राहकाला दोन्ही गोष्टी कळतील. हा मेल फक्त पैसे भरलेल्यांना जाईल अशी यादी वेगळी करून ठेवा आणि त्या आठवड्याचा विक्रीचा मेल त्यांना पाठवू नका.